संघटनात्मक वर्तन : अध्ययनातील अवघड बाजू आणि विद्यार्थ्याचा व्यक्तिविकास

प्रस्तावना

पदव्युत्तर वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यासक्रमांतील ‘संघटनात्मक वर्तन’ हा विषय वरकरणी सोपा वाटतो. प्रेरणा, नेतृत्व, गटवर्तन यांच्या व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होता येते. परंतु तो खऱ्या अर्थाने शिकणे अवघड आहे. कारण येथे अभ्यासकाला स्वतःचेच वर्तन तपासावे लागते.

दोन सिद्धांतांतील अंतर

ख्रिस आर्गिरिस व डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. माणूस आपल्या वर्तनाचे कारण म्हणून जो सांगतो तो ‘प्रतिपादित सिद्धांत’. प्रत्यक्ष कृतीतून दिसतो तो ‘आचरणातील सिद्धांत’. या दोहोंतील अंतर इतरांना जाणवते, स्वतःला सहसा जाणवत नाही. उच्चशिक्षित व यशस्वी व्यक्तींना अपयशाची सवय नसल्याने त्या दोष इतरांवर ढकलतात, असे आर्गिरिस यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले.

वीरच्या परिसरातील उदाहरण

महाड तालुक्यातील वीर स्थानकापर्यंत कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडले. महाड हा त्यांपैकी एक. प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे सोपविण्यात आला.

अधिकारप्रदानाचे उदाहरण म्हणून हे सांगितले, तर विद्यार्थी केवळ लिहून घेतो. त्याऐवजी सात विद्यार्थ्यांना विभागप्रमुख व एकाला अध्यक्ष नेमून मर्यादित निधीचे वाटप करावयास सांगावे. अधिकारप्रदानाचा पुरस्कर्ता असलेला अध्यक्षच थोड्या वेळात सर्व निर्णय स्वतः घेऊ लागण्याचा संभव असतो. नंतर प्रत्येकाने कागदाच्या उजव्या बाजूस प्रत्यक्ष संवाद व डाव्या बाजूस न बोललेले विचार लिहावेत. ही पद्धतही आर्गिरिस यांचीच. दोन्ही बाजूंतील तफावत वाचताना येणारी अस्वस्थता हीच व्यक्तिविकासाची सुरुवात होय.

समारोप

या कागदास गुण देऊ नयेत. अन्यथा डावी बाजूही परीक्षकासाठीच लिहिली जाईल. शिवाय पहिला कागद अध्यापकाने स्वतःचा वाचून दाखवावा. सहभागी नेतृत्वाचा पाठ आपण पुष्कळदा टिपणे सांगून शिकवितो. विद्यार्थी ती टिपणे उतरवून घेतो. मात्र नेतृत्व तो आपल्या आचरणावरून शिकतो.