द ब्लडी चेंबर

द ब्लडी चेंबर हा ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांचा इंग्रजी कथासंग्रह आहे. तो इ.स. १९७९ मध्ये लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. संग्रहात दहा कथा असून त्यांतील बहुतेक कथा युरोपातील प्रसिद्ध परीकथांच्या आधारे रचल्या आहेत. भय, हिंसा, कामभावना आणि अद्भुत यांचे मिश्रण असलेल्या 'डार्क फँटसी' या साहित्यप्रकाराच्या, तसेच परीकथांच्या आधुनिक पुनर्कथनाच्या अभ्यासात हा संग्रह महत्त्वाचा मानला जातो. प्रकाशनाच्या वर्षीच त्याला चेल्टनहॅम साहित्य महोत्सवाचा पुरस्कार मिळाला. संग्रहाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'रक्तरंजित दालन' असा होतो.

## पार्श्वभूमी

### परीकथांची लिखित परंपरा

परीकथा हे मुळापासून बालसाहित्य होते, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु या कथांचा इतिहास तसा नाही. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या कथा दरबारी आणि सुशिक्षित वाचकांसाठी होत्या. प्रत्येक कथेच्या शेवटी त्याने पद्यात तात्पर्य जोडले. त्याच्या 'लिटल रेड रायडिंग हूड' या कथेत लांडगा मुलीला खाऊन टाकतो आणि कथा तेथेच संपते. मुलीला पोटातून सोडवणारा शिकारी पुढे ग्रिम बंधूंच्या जर्मन आवृत्तीत येतो.

ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि १८५७ पर्यंत त्याच्या सात आवृत्त्या झाल्या. या काळात कथांवर बरेच संस्कार झाले. मराठी वाचकांना 'हिमगौरी' या नावाने परिचित असलेल्या कथेत पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठणारी स्त्री तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. लैंगिक उल्लेख कमी करण्यात आले, क्रूर शिक्षा मात्र बहुतांशी कायम राहिल्या.

मौखिक परंपरेत याहून निराळी रूपेही होती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नोंदवलेल्या लाल टोपीच्या मुलीच्या कथेच्या एका रूपात मुलगी लांडग्याला स्वतःच्या युक्तीने चकवून घरी परतते. तिला सोडवायला कोणी येत नाही. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी, वाटेतल्या हिंस्र प्राण्यांना फसवणारी मराठी लोककथेतील म्हातारी याच जातकुळीची आहे. त्यामुळे दुबळी व आज्ञाधारक नायिका ही लोककथेची मूळ प्रकृती नसून संपादनाचा परिणाम असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

### कार्टर यांचे परीकथांशी नाते

अँजेला कार्टर (७ मे १९४० – १६ फेब्रुवारी १९९२) यांचा जन्म इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे झाला. त्यांनी पेरोच्या कथांचा फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद केला व तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. या अनुवादाच्या निमित्ताने झालेल्या सूक्ष्म वाचनातून प्रस्तुत संग्रहातील कथांना चालना मिळाली. जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्या काढणे किंवा 'प्रौढांसाठी परीकथा' लिहिणे हा आपला हेतू नव्हता, असे कार्टर यांनी स्पष्ट केले होते. पारंपरिक कथांच्या पोटात जो आशय दडलेला आहे तो बाहेर काढून त्यातून नव्या कथांचा आरंभ करणे, ही त्यांची भूमिका होती. पुनर्कथनातील काळोख त्यामुळे बाहेरून आणलेला ठरत नाही. तो मूळ कथेतच असतो, अशी या संग्रहामागील धारणा आहे.

## कथांचा परिचय

'द ब्लडी चेंबर' ही संग्रहातील सर्वांत दीर्घ कथा 'ब्लूबिअर्ड' म्हणजे निळ्या दाढीच्या सरदाराच्या कथेवर आधारलेली आहे. पेरोच्या कथेत नवी पत्नी नवऱ्याने मनाई केलेली खोली उघडते, तेथे तिला आधीच्या पत्नींची प्रेते दिसतात आणि अखेरच्या क्षणी तिचे भाऊ येऊन तिला वाचवतात. पेरोचे तात्पर्य स्त्रीच्या कुतूहलाला दोष देते. कार्टर यांच्या कथेत सतरा वर्षांची पियानोवादक मुलगी एका धनाढ्य मार्क्विसशी विवाह करते आणि समुद्राने वेढलेल्या त्याच्या किल्ल्यात येते. विवाहाची भेट म्हणून तो तिला माणकांचा कंठा देतो. गळ्यालगत बसणारा हा कंठा गळा चिरल्याच्या खुणेसारखा दिसतो. कथा मुलगी स्वतःच सांगते. वैभवाचे आकर्षण आपल्यालाही होते, आपल्या मनातही काही अंधारे होते, याची कबुली ती देते. दूरध्वनीवर तिचे रडणे ऐकून संकटाचा अंदाज आलेली तिची आई घोड्यावरून दौडत येते आणि मार्क्विसला गोळी घालते. तरुणपणी इंडोचायनामध्ये नरभक्षक वाघ मारलेली ही आई भावांची जागा घेते. किल्लीवरील रक्ताचा डाग मुलीच्या कपाळावर उमटतो आणि तो कधीच पुसला जात नाही.

'द कोर्टशिप ऑफ मिस्टर लायन' आणि 'द टायगर्स ब्राइड' या दोन्ही कथांचा आधार 'ब्युटी अँड द बीस्ट' हाच आहे. पहिल्या कथेत परंपरेप्रमाणे नायिकेच्या प्रेमाने पशूचा माणूस होतो. दुसऱ्या कथेत बाप पत्त्यांच्या जुगारात मुलगी हरतो. शेवटी व्याघ्ररूपी बीस्ट तिला चाटू लागतो, तसतशी तिची मानवी त्वचा गळून पडते आणि आतून तिचे स्वतःचे व्याघ्ररूप प्रकट होते. एकाच मुळापासून निघालेल्या या परस्परविरोधी कथा लागोपाठ ठेवल्यामुळे परीकथेचा शेवट अटळ नसतो, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात येते.

'पुस-इन-बूट्स' ही संग्रहातील एकमेव पूर्णपणे विनोदी कथा एक वाचाळ बोका सांगतो. 'द अर्ल-किंग' मध्ये वनातील गूढ पुरुष मुलींना पक्षी बनवून पिंजऱ्यात ठेवतो. जेमतेम दोन पानांच्या 'द स्नो चाइल्ड' मध्ये एका सरदाराच्या इच्छेतून बर्फासारखी गोरी मुलगी निर्माण होते, गुलाबाचा काटा लागून मरते आणि त्याच्या अत्याचारानंतर वितळून जाते. मुलीला स्वतःचे असे अस्तित्व येथे मुळीच नाही. हिमगौरीच्या सौंदर्यवर्णनामागे कोणाची इच्छा आहे, हा प्रश्न ही कथा उभा करते. 'द लेडी ऑफ द हाउस ऑफ लव्ह' मध्ये निद्रिस्त सुंदरी ही रोमेनियातील एक रक्तपिपासू उमराव स्त्री आहे. तिच्या वाड्यात सायकलवरून आलेला तरुण ब्रिटिश सैनिक तिच्या तावडीतून वाचतो, परंतु पुढे पहिल्या महायुद्धाचे खंदक त्याची वाट पाहत असतात.

शेवटच्या तीन कथा लांडग्यांच्या आहेत. 'द वेअरवुल्फ' मध्ये मुलगी हल्ला करणाऱ्या लांडग्याचा पंजा तोडते. घरी पोहोचल्यावर तो पंजा म्हणजे आजीचाच हात असल्याचे उघड होते. शेजारी आजीला दगडांनी मारतात आणि नात आजीच्या घरात सुखाने राहू लागते. ही नात निर्दोष आहे की वारसाहक्काची लाभार्थी, हे कथा सांगत नाही. 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' मध्ये मुलगी भयाला हसून उत्तर देते आणि शिकार होण्याचे नाकारते. 'वुल्फ-अॅलिस' मध्ये लांडग्यांनी वाढवलेली मुलगी आरशातील प्रतिमेतून स्वतःला ओळखू लागते.

## शैली

कार्टर यांची भाषा अलंकृत, इंद्रियसंवेद्य आणि गॉथिक कादंबरीच्या परंपरेतील आहे. लोककथेत पात्रे व स्थळे यांचे वर्णन मोजक्या शब्दांत असते. येथे मात्र वस्त्रे, रत्ने, गंध, मांस आणि हिम यांचे वर्णन पानोपानी येते. आरसा, रक्त, गुलाब, किल्ली आणि त्वचा या प्रतिमा एका कथेतून दुसऱ्या कथेत फिरत राहतात व त्यांचा अर्थ दर वेळी बदलतो. त्यामुळे सुट्या कथांपेक्षा संपूर्ण संग्रह क्रमाने वाचणे अधिक अर्थपूर्ण ठरते.

## समीक्षा

संग्रहावरील मुख्य वाद पुनर्कथनाच्या मर्यादेविषयी आहे. पॅट्रिशिया डंकर यांनी १९८४ मधील निबंधात असा आक्षेप घेतला की, परीकथेची चौकटच पुरुषप्रधान असल्याने तिच्या आत राहून केलेले लेखन तीच मूल्ये पुन्हा प्रस्थापित करते. हिंसक पुरुष आणि त्याच्याकडे ओढली जाणारी स्त्री हा साचा कार्टर मोडत नाहीत, असे या बाजूचे म्हणणे आहे.

मेर्या माकिनेन यांनी १९९२ मध्ये याला उत्तर दिले. साहित्यप्रकाराचा आशय कायमचा ठरलेला नसतो; मूळ कथा ठाऊक असलेला वाचक जुन्या व नव्या रूपांमधील अंतर वाचतो आणि त्या अंतरातूनच टीका निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तसेच या कथांतील पशू म्हणजे केवळ पुरुष नव्हे, तर स्त्रीच्या स्वतःच्या दडपलेल्या इच्छेचेही ते रूप असू शकते. शीर्षककथेतील निवेदिकेच्या कपाळावरील डाग हा या वादाचा केंद्रबिंदू म्हणता येईल: तो पेरोच्या अर्थाने कुतूहलाची शिक्षा आहे, की जे पाहिले ते न विसरल्याची खूण, यावर कथेचा अर्थ अवलंबून राहतो.

## रूपांतरे

संग्रहाचा नभोवाणीशी दुहेरी संबंध आहे. 'द लेडी ऑफ द हाउस ऑफ लव्ह' ही कथा कार्टर यांच्याच 'व्हॅम्पिरेला' (१९७६) या नभोनाट्यातून आकाराला आली, तर 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' आणि 'पुस-इन-बूट्स' या कथांची पुढे नभोनाट्ये झाली. नील जॉर्डन यांनी १९८४ मध्ये 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची पटकथा जॉर्डन व कार्टर यांनी मिळून लिहिली असून आजीची भूमिका अँजेला लॅन्सबरी यांनी केली आहे.

## प्रभाव

१९७० च्या दशकापासून परीकथांच्या पुनर्लेखनाला इंग्रजीत वेग आला. अमेरिकन कवयित्री अॅन सेक्स्टन यांचा 'ट्रान्सफॉर्मेशन्स' (१९७१) हा ग्रिमकथांवरील काव्यसंग्रह कार्टर यांच्या आधीचा आहे. नंतरच्या काळात टॅनिथ ली यांचा 'रेड अॅज ब्लड' (१९८३), एलन डॅटलो व टेरी विंडलिंग यांनी संपादित केलेला 'स्नो व्हाइट, ब्लड रेड' (१९९३) आणि हिमगौरीची कथा सावत्र आईच्या तोंडून सांगणारी नील गेमन यांची 'स्नो, ग्लास, अॅपल्स' (१९९४) ही याच प्रवाहातील उल्लेखनीय लेखने होत. कार्टर यांच्या निधनानंतर १९९५ मध्ये निघालेल्या समग्र कथासंग्रहाला सलमान रश्दी यांनी प्रस्तावना लिहिली. 'द ब्लडी चेंबर' हा संग्रह ब्रिटनमध्ये ए-लेव्हलच्या विद्यार्थ्यांना गॉथिक साहित्याच्या अभ्यासासाठी नेमला जातो.