कुंडीतला निवडुंग नेमका कोणता?

रोपवाटिकेतून आणलेल्या काटेरी रोपाच्या कुंडीवर नावाची पट्टी क्वचितच असते आणि असलीच तर तिच्यावर ‘कॅक्टस’ एवढाच शब्द असतो. कॅक्टेसी कुलात दीड हजारांच्या आसपास प्रजाती आहेत, हे पाहता ती पट्टी जवळपास कोरीच म्हणावी लागेल. रोपाला पाणी किती द्यावे, ऊन किती सोसवेल, फुले कधी येतील, या साऱ्यांची उत्तरे नावावर अवलंबून असल्याने ही ओळख केवळ हौसेचा विषय राहत नाही.

पहिला प्रश्न प्रजातीचा नसून कुलाचा असतो. मराठीतील ‘निवडुंग’ हा शब्द दोन परक्या कुलांना कवेत घेतो. फड्या निवडुंग म्हणजे ओपन्शिया. तो खरा कॅक्टस असून मूळचा अमेरिकेचा आहे. तिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया वंशातला, भारतातलाच. कॅक्टस कुल मुळात अमेरिका खंडांचे आहे. रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एकच प्रजाती आफ्रिका व श्रीलंकेतही निसर्गतः आढळते.

दोन्ही कुलांतला भेद काट्याच्या बुडाशी दिसतो. कॅक्टसचे काटे लवदार अशा छोट्या गादीतून उगवतात. वनस्पतिशास्त्रात तिला ॲरिओल म्हणतात. काटे नसलेल्या कॅक्टसवरही ती असते. युफोर्बियाच्या काट्यांखाली, ते बहुधा जोडीने येत असले तरी, अशी गादी नसते. खोडाला जखम झाली की युफोर्बियातून पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून केवळ ओळखीसाठी रोप कापून पाहू नये. शिवाय ही कसोटी निर्णायकही नाही, कारण मॅमिलॅरिया या खऱ्या कॅक्टसच्या काही प्रजातींतूनही दुधासारखा चीक येतो.

उलट बाजूची गंमत महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. पावसाळ्यात रात्री उमलणारे, ज्याच्याभोवती शेजारीपाजारी जमतात ते ‘ब्रह्मकमळ’ बहुतेक वेळा एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, म्हणजे मेक्सिको व मध्य अमेरिकेतला कॅक्टस असते. त्याची लांब ‘पाने’ ही वस्तुतः चपटी झालेली खोडे आहेत. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातले असून त्याचा याच्याशी संबंध नाही. हा कॅक्टस जंगलात झाडांच्या आधाराने वाढणारा. त्याला वाळवंटी जातभाईंसारखे कडक ऊन दिले तर खोडे करपतात.

कुल ठरल्यावर वंशाकडे वळता येते. खोड उभ्या धारांचे आहे की सुट्या उंचवट्यांचे, धारा किती, एका गादीत कडेचे काटे किती आणि मधले किती, मधला काटा गळासारखा वाकलेला आहे का, या गोष्टी लिहून ठेवाव्यात. गादीत केसांएवढे बारीक, बोटांत रुतून बसणारे काटे असतील तर रोप ओपन्शिया किंवा त्याच्या जवळच्या वंशातले असते. मात्र उन्हाअभावी लांबट व फिकट झालेले रोप या साऱ्या मोजमापांत फसवते.

खरा निवाडा फुलावर होतो. मॅमिलॅरियाची फुले उंचवट्यांच्या मधल्या खोबणींतून, शेंड्याभोवती कडे करून येतात. दिसायला जवळच्या कोरिफँथाची फुले शेंड्यावरच्या कोवळ्या भागातून येतात आणि त्याच्या उंचवट्यावर चीर असते. जिम्नोकॅलिशियमच्या कळीवर गुळगुळीत खवले असतात, लव किंवा काटे नसतात. एकिनॉप्सिसच्या फुलाची लांब नळी लवदार असते. त्यामुळे फुलापूर्वी मोबाइलने सुचवलेले नाव अंदाज मानावे.

विक्रेत्यांच्या युक्त्याही ध्यानात घ्याव्या लागतात. लाल-पिवळा गोळा मिरवणाऱ्या रोपात दोन प्रजाती असतात: वर हरितद्रव्य गमावलेला जिम्नोकॅलिशियम, खाली आधाराला बहुधा ड्रॅगन फ्रूटचे खोड. काही रोपांवर तर वाळकी फुले गोंदाने चिकटवलेली असतात.

ओळख चुकल्याची किंमत भारताने मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे, तीही कॅक्टसवर जगणाऱ्या किड्याच्या बाबतीत. किरमिजी रंगासाठी 1795 मध्ये ब्राझीलमधून कोचिनील किडे भारतात आणले गेले. ते उत्तम रंग देणारे असल्याचा समज होता. प्रत्यक्षात ती डॅक्टिलोपियस सिलोनिकस ही वेगळी प्रजाती निघाली. रंगाचा धंदा साधला नाही, पण किड्याने ओपन्शियाची रानेच्या राने संपवली. पुढे दक्षिण भारतात व श्रीलंकेत ओपन्शियाचा उपद्रव आवरण्यासाठी तोच किडा मुद्दाम सोडण्यात आला.

घरच्या संग्रहात कित्येक रोपे संकरित असतात आणि त्यांना एका प्रजातीचे नाव लागूच होत नाही. अशा वेळी केवळ वंशाचे नाव लिहून थांबणे अधिक शास्त्रीय. पट्टीवर रोप कोठून व कधी आणले हे लिहावे, फुलाचे बाजूने व वरून छायाचित्र तारखेसह जपावे. कोणतीही कुंडी नव्याने भरताना जुनी पट्टी आधी नव्या मातीत खोचावी, कारण नावांची अदलाबदल बहुतेक वेळा याच घाईत होते.