पावसाळ्यासाठीं विजेची बेगमी

सन २००५ च्या जुलै महिन्याची २६ वी तारीख उल्हास नदीकांठचे शेतकरी विसरलेले नाहींत. त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. बदलापूर व कल्याण येथें पुराचें पाणी वस्तींत शिरलें. वीज गेली व पुष्कळ ठिकाणीं दूरध्वनीही बंद पडले. भ्रमणध्वनीचा मनोरा विजेवांचून फार काळ चालत नाहीं. हौशी बिनतारी चालकांचीं यंत्रें मात्र मनोऱ्यावांचून एकमेकांशीं थेट बोलूं शकतात. अशा यंत्रास संकटकाळीं वीज कोठून पुरवावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

घरीं ठेवण्याजोगें बारा व्होल्टचें यंत्र ऐकतांना सुमारें अर्धा, आणि २५ वॅट शक्तीनें बोलतांना सुमारें ६ अँपिअर प्रवाह घेतें. दिवसरात्र ऐकणें व एकंदर एक तास बोलणें धरल्यास रोजचा खर्च १८ अँपिअर-तास होतो. तीन दिवसांचा ५४. शिशाच्या बॅटरींतील निम्मीच वीज वापरणें हिताचें, म्हणून ती ११० अँपिअर-तासांची हवी. ट्रॅक्टरची बॅटरी येथें उपयोगाची नाहीं. ती क्षणभर मोठा जोर देण्यासाठीं केलेली असते. वारंवार खोलवर रिकामी केल्यास लवकर निकामी होते. इन्व्हर्टरसाठीं मिळणारी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी.

आतां सौर पॅनेलाकडे वळूं. १०० वॅटचें पॅनेल स्वच्छ उन्हांत हा रोजचा खर्च सहज भरून काढतें; परंतु दाट ढगांत त्याचें उत्पन्न चतुर्थांशावर किंवा त्याहूनही खालीं येतें. म्हणजे गरज सर्वांत अधिक तेव्हांच आवक सर्वांत कमी! म्हणून पॅनेल हें शेत व बॅटरी ही कणगी समजावी. आषाढांत शेतावर नव्हे, कणगीवरच पोट भरावें लागतें.

कणगी पुरविण्याचा खरा उपाय काटकसर हाच होय. दर तासाचीं पहिलीं दहा मिनिटेंच ऐकावयाचें व दिवसाकांठीं अर्धा तासच बोलावयाचें, असें परस्परांत ठरविल्यास खर्च १८ वरून ५ अँपिअर-तासांवर येतो, आणि तीन दिवसांचा सांठा दहा दिवस पुरतो.

पॅनेल दक्षिणाभिमुख व सुमारें वीस अंश कलतें बसवावें. बॅटरी पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा उंच व हवेशीर जागीं ठेवावी, आणि तिच्या धन अग्राजवळच फ्यूज घालावा. भार-नियंत्रक हलका असल्यास यंत्रांत खरखर उठते. तो क्षणभर सोडवून खरखर थांबते कीं काय, हें पाहावें.

हें यंत्र चालविण्यास केंद्र सरकारची परीक्षा व परवाना आवश्यक आहे, हें ध्यानांत असावें. मृग लागण्यापूर्वीं आपण बियाणें तपासतों. त्याच दिवशीं बॅटरींतील पाणी पाहावें, ती पूर्ण भरावी, व शेजारच्या गांवच्या परवानाधारकाशीं एकदां बोलून पाहावें.