घारापुरीचा हत्ती आणि आमच्या विहिरीवरचा दगड

शेतकऱ्याच्या घरची सहल बहुधा देवाच्या नावाने निघते. आमच्या घरी पंढरपूर झाले, रामटेक तर वर्षाआड होतेच. पण नुसते पाहावयाचे म्हणून सारे घर बाहेर पडले, असे कधी घडले नव्हते. गेल्या पौषात ते घडले. धान मळून विकले गेले होते आणि उन्हाळी धानाच्या रोवणीला अजून पंधरा दिवस होते. दादांच्या नातवाच्या पुस्तकात घारापुरीच्या त्रिमूर्तीचे चित्र होते, त्याने हट्ट धरला. माझ्याखेरीज घरात कोणी समुद्र पाहिला नव्हता. आई, दादा, वहिनी, आमची सौ., नातू आणि मी, असे सहाजण भंडारा रोडला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट येथेच सांगावयास हवी. आमचे गाव पवनीजवळ. दादा नवा गोठा बांधीत होते आणि पायासाठी दगड गोळा करणे चालले होते. आमच्या विहिरीवर एक जुना दगड आहे. एका अंगाला अर्धे कमळ कोरलेले, दुसरे अंग कपडे धुऊन धुऊन गुळगुळीत झालेले. गवंड्याने तो हेरला होता. फोडला तर चार चांगले चिरे निघतील म्हणाला. दादांनी होकार दिला होता. मीही ऐकून गप्प बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. तीस वर्षे लोकांना माती वाचवा म्हणून सांगत फिरलो, पण घरच्या दगडाकडे कधी निरखून पाहिले नाही.

मुंबईत गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये बसावे लागते. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ सुमारे तासाभराचा. आई आधी डोळे मिटून बसली होती. मग हळूच पाण्याकडे पाहून म्हणाली, "एवढं पाणी, अन् एका बांधीच्याही कामाचं नाही बापा!" धान पिकविणाऱ्या बाईने समुद्राविषयी दुसरे काय म्हणावे? १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवाशांच्या बोटीवर आदळून माणसे दगावली. म्हणून सांगतो, अंगात घालावयाचे जाकीट मिळते ते लाजू नका, घाला.

धक्क्यापासून डोंगर चढावयास सुमारे १२० पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून खांद्यावर नेणारे लोक तेथे असतात. आईला विचारले तर म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर जायचं तवा जाईन, आताच काहून?" आणि काठी टेकीत चढली. वाटेत आंबा-चिंचेची झाडे पाहून आणि बेटावरचे लोक मासेमारीबरोबर धानही करतात हे ऐकून दादांना बरे वाटले. परक्या मुलखात आपले पीक भेटले की माणूस निम्मा घरी येतो.

मुख्य लेणे सहाव्या शतकातले मानतात. ते बांधलेले नाही, डोंगराच्या काळ्या दगडातून कोरून काढलेले आहे. बांधकामात चिरा चुकला तर बदलता येतो; येथे छिन्नी चुकली की चुकलीच. समोर तीन मुखांचा सदाशिव, उंची सुमारे २० फूट. लोक त्यालाच त्रिमूर्ती म्हणतात. नातू त्याच्यापुढे उभा राहून पुस्तकातले चित्र छोटे होते म्हणून तक्रार करू लागला. वहिनी आणि सौ. शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढून हलेनात. पार्वतीची मान किंचित झुकलेली. "पाहा व माय, लाजली कशी," असे वहिनी म्हणाल्या.

मी मात्र गंगाधरापुढे थांबलो. आकाशातून येणारी गंगा शिवाने जटेत झेलली, नाहीतर तिच्या धारेने पृथ्वी फुटली असती, अशी कथा. बांधबंदिस्तीच्या सभेत मी दुसरे काय सांगतो? पाण्याचा वेग आधी मोडा, मग त्याला शेतात घ्या. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा सौ. म्हणाली, "इथेही तुमची सभाच का?"

दादा काहीच बोलत नव्हते. ते फुटलेले हात आणि पाय पाहत होते. बऱ्याच मूर्तींचे खालचे भाग गेलेले आहेत. १५३४ मध्ये बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर नेमबाजी केली, असे सांगतात. "ज्याने फोडलं त्याला हा दगडच दिसला असंल," दादा एवढेच म्हणाले.

परत येऊन तिसऱ्या प्रहरी आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. घारापुरीचा हत्ती आता तेथे आहे. बेटाच्या धक्क्याजवळ एक दगडी हत्ती उभा होता, त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला नेऊ लागले, तेव्हा उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले आणि १९१४ मध्ये सांधले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, उघड्यावर तो उभा आहे. संग्रहालयामागे १९६५ मध्ये रस्त्यावरून हलविलेला काळा घोडाही स्वारासकट आहे. नातू घोड्याकडे पळाला, दादा हत्तीपाशीच राहिले.

तेथे मी त्यांना पवनीचे सांगितले. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्यावरचे मुचलिंद नागाचे शिल्प दोन हजार वर्षांहून जुने आहे आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या तालुक्याचा दगड दिल्लीत, आणि आपण त्याच मातीतला पायात घालतो आहोत. दादांनी तेथूनच गवंड्याला फोन लावला.

विहिरीवरचा दगड किती जुना, हे ठरविणे माझे काम नव्हे. पण नांगराला किंवा विहिरीच्या खोदकामात असे काही लागले तर ते हलवू नका, घासू नका, शेंदूर फासू नका. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. दादांनी तहसीलमध्ये अर्ज दिला आहे. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीची बाग बुधवारी.

गोठ्याच्या पायासाठी खाणीतून ट्रॅक्टरभर दगड आणावा लागला. दादांनी त्याचे निम्मे पैसे माझ्याकडून घेतले. धुण्यासाठी त्यातलाच एक विहिरीवर मांडला आहे. तो खरखरीत आहे म्हणून आई रोज सकाळी आम्हा दोघांच्या नावाने बोलते.