काठी : हुकमाची आणि आधाराची

जोगेश्वरीच्या पूर्वेस, दाटीवाटीच्या वस्तीखाली जवळजवळ दडून गेलेले जे सहाव्या शतकातील शैव लेणे आहे, त्याच्या एका द्वाराच्या माथ्यावर चार शिष्यांसह बसलेल्या लकुलीशाची आकृती कोरलेली असून, पाझरते पाणी आणि खारी हवा यांनी तिची रूपरेषा पुष्कळशी पुसून टाकली असली, तरी पाशुपत पंथाच्या या आचार्याला जाणकार त्याच्या बैठकीवरून आणि भोवतालच्या शिष्यांवरून ओळखतात. लकुट, म्हणजे सोटा, हे त्याचे लांच्छन, आणि नावही त्यावरूनच पडलेले. बडोद्याजवळच्या कायावरोहणास ज्याचे मूळपीठ मानतात, त्या पंथाचे अनुयायी साष्टी बेटापर्यंत येऊन पोहोचले आणि त्यांनी आपला दंडधारी गुरू इथल्या खडकात बसवला. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या टापूत काठीवाला म्हणून नोंद करावी असा याहून जुना रहिवासी निदान माझ्या माहितीत नाही.

वृद्धाच्या थकल्या पायांना आधार देणे हे काठीचे काम सनातन आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या समाजाने काठीकडे त्या दृष्टीने फारसे पाहिलेच नाही. ती कोणाच्या हाती असावी, किती लांब असावी, कोणत्या लाकडाची असावी आणि ती दिसताच इतरांनी काय करावे, याचा निवाडा शास्त्राने, दरबाराने आणि गावगाड्याने आधीच करून ठेवला होता, आणि हा निवाडा करताना धारकाच्या गुडघ्यांची विचारपूस कोणी केलेली दिसत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या दंडाचे माप सांगितले आहे: ब्राह्मण बटूचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. लाकडेही वाटून दिलेली, पहिल्यास बेल वा पळस, दुसऱ्यास वड वा खैर, तिसऱ्यास पिलू वा उंबर. चौथ्या वर्णाला मुंजच नाही, तेव्हा मापही नाही. बोरिवली-मुलुंडच्या वातानुकूलित मंगल कार्यालयांत आजही आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पळसाचा दंड दिला जातो, तो छायाचित्रे निघेपर्यंत त्याच्या हातात राहतो आणि संध्याकाळी सामानाच्या पिशवीतून डोकावत घरी येतो. संन्याशांतही एकदंडी आणि त्रिदंडी असे भेद पडले. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून दाखवली जाते त्या कुबडीत तर गुप्ती दडवलेली आहे, म्हणजे जपाच्या वेळी हात टेकण्याची सोय आणि प्रसंगी आत्मरक्षणाची तजवीज एकाच वस्तूत झालेली.

दरबारी काठीची तऱ्हा निराळी. चांदीने मढवलेला दंड घेऊन हुजुरांच्या पुढे चालणारा चोपदार आणि भाला घेऊन चालणारा भालदार हे मोगलाईपासून पेशवाईपर्यंत आणि तेथून संस्थानिकांच्या वाड्यांपर्यंत टिकलेले जोडीदार; राजे गेले, तरी चोपदारी गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार आजही चालतो, आणि विधानसभेत गोंधळ शिगेला पोहोचला की विरोधकांचा हात प्रथम अध्यक्षांपुढील राजदंडाकडेच वळतो, कारण तो उचलला की कामकाज अडते हे नवख्या आमदारालाही ठाऊक असते. तथापि हुकमाच्या काठीचे सर्वांत सुंदर रूप पाहावयाचे तर आषाढी वारीतच पाहावे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला चोप उंच करतो, आणि हजारो टाळ-मृदंगांचा गजर एकाएकी थांबतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिने मात्र टाळ वाजवीतच राहावे अशी वहिवाट आहे; त्या आवाजाच्या रोखाने चोपदार स्वतः चालत जातो आणि तक्रार ऐकून घेतो. काठी उगारून सर्वांना गप्प करणे पुष्कळांना जमते. त्या शांततेत जो एक अजून वाजतो आहे त्याच्याकडे जाण्याचे कलम आमच्या किती कचेऱ्यांच्या दप्तरात असेल, हा प्रश्न विचारण्याचा मोह मी आवरतो.

याच हुकमाच्या दुसऱ्या टोकाला एक काठी होती, आणि तिच्याबद्दल शहरी वाचकाला फारसे ठाऊक नसते. गावाच्या वेशीची राखण करणारा वेसकर, बोलीतला येसकर, हा महार वतनदार. त्याच्या वतनाची खूण म्हणजे घुंगुरकाठी, अर्थात वरच्या अंगाला घुंगरे बांधलेली जाड काठी. वर्षाचे काम महारवाड्यात घरांच्या पाळीने फिरे, आणि ज्याची पाळी त्याच्या दारी ही काठी येई. ती घेऊन तो चावडीवर लोकांना बोलावी, सरकारी वसुलाबरोबर तालुक्याला जाई, फिरतीवर आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावे, मयताची खबर उन्हातान्हात परगावी पोहोचवी, आणि दिवसाच्या शेवटी त्याच काठीच्या आवाजावर घरोघरची भाकर गोळा करी. चोपदाराचा दंड पाहून लोक मालकापुढे वाकत. येसकराच्या काठीची घुंगरे वाजली, की राबणारा आला एवढेच गावाला कळे. दोन्ही काठ्या सनदेच्याच, परंतु एकीने धारकाला पगडी दिली आणि दुसरीने वेठ. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे या पाळीच्या गुलामगिरीचाच हिशेब होता. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा 1958 चा, म्हणजे बाबासाहेबांच्या निधनानंतरचा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी प्रकृती खालावलेले बाबासाहेब काठीच्या आधाराने उभे होते; ती काठी कोणत्याही गावच्या पाळीने त्यांच्या हाती आलेली नव्हती.

शेतकऱ्याची आणि धनगराची काठी या दोन्ही व्यवस्थांबाहेरची, म्हणून तिच्यावर ग्रंथ नाहीत. विदर्भात ती भरीव मानवेलाची, तळकोकणात माणग्याची. पेरे जवळजवळ असलेला बांबू पारखून घ्यायचा, विस्तवावर शेकून सरळ करायचा आणि मग महिनोन्महिने तेल पाजायचे, असा तिचा संस्कार. 1878 च्या शस्त्रकायद्याने हत्याराला परवाना लागू लागल्यावर गावकऱ्याच्या हाती बिनपरवान्याची म्हणून मुख्यतः तीच उरली, आणि आखाड्यांतील लाठीच्या तालमींना पुढे जी बरकत आली तिला ही पार्श्वभूमी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती.

उपनगरांशी काठीचा सर्वांत प्रसिद्ध संबंध जुहूच्या वाळूवर जडला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्यास छावणी पडली, जमनालाल बजाज तिचे प्रमुख, किशोरलाल मश्रूवाला आणि स्वामी आनंद त्यांचे सहकारी. आणि त्या उन्हाळ्यात देशापुढे दोन काठ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एक गांधीजींची बांबूची, जी मंजेश्वरचे कवी गोविंद पै यांच्याकडून काकासाहेब कालेलकरांकडे आणि त्यांच्याकडून दांडीच्या वाटेवर आली असे सांगतात. दुसरी पोलिसांची, पोलादी टोकाची, जी 21 मे रोजी धारासण्यास निःशस्त्र सत्याग्रहींच्या डोक्यांवर उतरली. पुढे 1937 च्या डिसेंबरात गांधीजी प्रकृतीसाठी जुहूस राहिले असताना घेतलेले एक छायाचित्र सर्वांनी पाहिलेले आहे: नातू कनू काठीचे पुढचे टोक धरून ओढतो आहे आणि आजोबा दुसऱ्या टोकाला हसत ओढले जात आहेत. राजदंडापासून घुंगुरकाठीपर्यंतच्या साऱ्या परंपरेची इतकी निर्मळ थट्टा दुसऱ्या कोणत्या चित्रात झाली असेल असे मला वाटत नाही. काठी धरणाराच इथे पोराच्या हुकमात आहे. आयुष्याच्या अखेरीस मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते चालत आणि त्यांना आपल्या काठ्या म्हणत.

साहेबी अमलात मध्यमवर्गाने छडी उचलली ती वेगळ्याच हौसेने. कोट, उपरणे किंवा टोपी, आणि हातात वेताची बारीक छडी हा पोशाख पोक्त गृहस्थपणाचा दाखला समजला जाई. पण मुंबईच्या पावसाने हा शौक फार दिवस टिकू दिला नाही. चार महिने छत्री बाळगणे भागच, तेव्हा छडीचे काम छत्रीने परस्पर पत्करले. वाकड्या मुठीची काळी छत्री फाल्गुनातही टेकत चालणारे वृद्ध अंधेरीच्या बाजारात आजही दिसतात. ऊन लागते म्हणून घेतली, असे ते सांगतात, आणि घरची मंडळी मान डोलावतात. मिरवण्याची छडी पुरुषांचीच होती, हेही नोंदले पाहिजे. बाईच्या हाती काठी यायची ती पाठीला बाक आल्यावरच, आणि मग गोष्टींतल्या म्हातारीशी तिची तुलना व्हायची.

आता काठी औषधाच्या दुकानात मिळते, ॲल्युमिनियमची, भोकाभोकांनी लांबी कमीजास्त करता येणारी, आणि तिच्यामागचा सगळा मान गळून पडला आहे. सरकारदरबारी मात्र तिची गणना साहाय्यभूत साधनांत झाली: राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, 2024 पासून, 65 वर्षांवरील आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या नागरिकाच्या बँक खात्यात अशा साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये जमा होतात. दाखले गोळा करून, खाते आधारशी जोडून ती रक्कम हाती आली, तरी काठी कशी घ्यावी हे सहसा कोणी सांगत नाही. हात सैल सोडून उभे राहावे, मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरावी, म्हणजे दुखरा पाय व काठी एकाच वेळी पुढे पडून भार वाटला जातो. नाटक-सिनेमांतल्या आजोबांकडून शिकलेले पुष्कळजण नेमके उलट करतात. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की ती काठी आधारापेक्षा धोका जास्त, विशेषतः आमच्या पदपथांवर, जिथे उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत टोक अडकण्याची सोय पालिकेने जागोजागी करून ठेवली आहे.

अंधांच्या पांढऱ्या काठीची स्थिती थोडी बरी. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात ती खूण म्हणून आली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रिचर्ड हूवर याने लांब काठीने पुढची जमीन चाचपत चालण्याची पद्धत बसवली. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत, 2014 पासून, फलाटावरच्या उंचवट्यांच्या पिवळ्या पट्टीवर ती काठी टकटक करीत सरळ चालते; जिना उतरून रस्त्यावर आले, की पट्टी संपते.

दरम्यान, शनिवारी रात्री मुलुंड किंवा बोरिवलीहून सह्याद्रीकडे निघणाऱ्या तरुणांच्या पाठपिशव्यांना दोन-दोन काठ्या अडकवलेल्या असतात. त्यांना ट्रेकिंग पोल म्हणतात, त्यांची किंमत औषधाच्या दुकानातल्या काठीच्या कितीतरी पट, आणि त्या बाळगण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. काठी घ्या म्हणून डॉक्टरांनी बजावलेले आणि तरीही न घेणारे वडील मुलाचा पोल मात्र सोमवारी खुशाल भाजीला घेऊन जातात. माझी त्याला हरकत नाही, फक्त पोलच्या धातूच्या टोकावर रबरी टोपी आहे ना, हे मुलाने पाहावे. तो डोंगराच्या मातीसाठी केलेला असतो, आणि इमारतीच्या ओल्या लादीवर घसरतो.