‘मुक्त’, ‘फुकट’ आणि ‘खुले’ : सॉफ्टवेअरविषयक तीन शब्द

सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, ह्या नैतिक भूमिकेतून १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला. तिच्यासाठी रूढ झालेल्या ‘फ्री’ ह्या इंग्रजी विशेषणाचे मात्र स्वतंत्र आणि विनामूल्य असे दोन अर्थ होतात. वस्तुतः नफ्याला येथे विरोध नाही. १९८९ च्या जीपीएल परवान्यानुसार प्रती विकता येतात. घेणाऱ्याचे अधिकार तेवढे हिरावता येत नाहीत.

१९९८ साली, व्यापारी कंपन्या बिचकू नयेत ह्याही हेतूने, ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली. संदिग्धता गेली, परंतु तिच्याबरोबर स्वातंत्र्याचा प्रश्नही मागे पडला, असा स्टॉलमन ह्यांचा आक्षेप आहे.

‘मुक्त’ व ‘फुकट’ हा भेद मराठीत आयताच आहे. तथापि ‘ओपन सोर्स’लाही आपण ‘मुक्तस्रोत’ म्हणतो, आणि नीती व सोय ह्यांतील वाद एकाच शब्दाखाली झाकला जातो. म्हणून पहिल्या भूमिकेस ‘मुक्त’ व दुसरीस ‘खुले’ म्हणावे, हे उचित. नफा मिळविणे अनैतिक नव्हे. परंतु प्रश्नाचा शब्दच हरवला, तर तो प्रश्न विचारणेही कठीण होते.