रिंगणातले सुपरहीरो

अमेरिकी व्यावसायिक कुस्ती आणि जुनी कॉमिक्स यांचे वेड पुष्कळदा एकाच माणसात आढळते, आणि त्यात नवल नाही. ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात स्पायडरमॅन आपले नवे बळ लोकांपुढे प्रथम दाखवतो तेच मुळी कुस्तीच्या रिंगणात. टेरी बोलिया हा मल्ल ‘हल्क होगन’ म्हणून गाजला, तेव्हा त्या नावासाठी मार्व्हल कॉमिक्सशी करार करावा लागला.

‘हे सारे लुटुपुटीचेच ना?’ हा प्रश्न चाहत्याच्या पाचवीला पुजलेला. ही आपल्या आखाड्यातली निकाली कुस्ती नव्हे, हे तो जाणून असतो. डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) तर क्रीडा आयोगाची बंधने टाळण्यासाठी १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ही करमणूक असल्याची कबुलीच दिली. निकाल ठरलेला असतो. आपटणे मात्र खरे असते.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट ‘ब्लू ब्लेझर’ या मुखवटाधारी सुपरहीरोच्या वेषात छतावरून दोराने उतरणार होता. पट्ट्याची कळ अवेळी सुटली आणि तो रिंगणात कोसळून मरण पावला. हा खेळाचा भाग नाही, असे समालोचक जिम रॉस यांना दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगावे लागले. कार्यक्रम पुढे चालूच राहिला.